लस घेतली आणि खांदा धरला: अमेरिकेत भरपाई मागायची तर

फ्लूची लस घेऊन तिसरा दिवस होता. सकाळी पोह्यांचा डबा काढायला वरच्या फळीकडे हात नेला आणि तो खांद्याच्या उंचीलाच अडला. पुढे जाईचना. डाव्या हाताने डबा खाली घेतला, पोहे भिजवले आणि मनाशी म्हटलं, लसीचं दुखणं आहे, दोन दिवसांत जाईल. ते गेलं नाही. पुढचे पाच महिने मी केस एका हाताने धुतले, मागे हूक असलेले ब्लाउज कपाटात ठेवून दिले, आणि झोपेत उजव्या कुशीवर वळले की कळ येऊन उठून बसायचे.

डॉक्टरकडे मी गेले सात आठवड्यांनी. ते सात आठवडे मला नंतर दीड वर्ष निस्तरावे लागले, म्हणून हे सगळं लिहिते आहे. मी वकील नाही. स्वतःचा दावा शेवटपर्यंत नेला आणि नंतर ओळखीतल्या दोघीतिघींची कागदपत्रं लावून द्यायला बसले, त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने मांडते. हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, तसंच नातवंडाच्या जन्मासाठी इथे येऊन डांग्या खोकल्याची लस घेणाऱ्या आई-बाबांसाठीही. नागरिकत्वाची अट नाही. लस अमेरिकेत घेतलेली असली की व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीलाही दावा करता येतो. पुण्यात लस घेऊन विमानात बसलेल्यांना मात्र साधारणपणे ही वाट नाही.

मी आजही दरवर्षी लस घेते. भरपाई मागितली म्हणजे आपण लसीच्या विरोधात गेलो, असं आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाटतं आणि त्या संकोचापायी मुदत निघून जाते. खरं तर ही योजना लसीकरण टिकावं म्हणूनच आहे. १९८०च्या दशकात खटल्यांना कंटाळून कंपन्या लसी बनवणं सोडू लागल्या, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून राष्ट्रीय लस-इजा भरपाई योजना सुरू झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे व्हीआयसीपी म्हणतात. तिचा निधी लसीवरच्या करातून येतो. एका डोसमधून जितक्या रोगांपासून संरक्षण मिळतं, त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट. फ्लूच्या लसीवर ७५ सेंट, धनुर्वात-घटसर-डांग्या खोकल्याच्या एकत्रित लसीवर सव्वादोन डॉलर. म्हणजे तो पैसा तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच साठवलेला आहे. तो मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आधी दुखणं ओळखा

लस टोचल्यावर दंड दोन-तीन दिवस ठणकतो, ते सगळ्यांचंच होतं. मी सांगते आहे ती इजा वेगळी आहे. सुई दंडाच्या स्नायूच्या मध्यभागी जायच्या ऐवजी फार वर, खांद्याच्या हाडाजवळ गेली, तर औषध स्नायूच्या खालच्या पिशवीसारख्या पातळ आवरणात, म्हणजे बर्सात, किंवा सांध्याजवळच्या स्नायुबंधांत उतरतं. तिथे सूज धरते, कधी खांदा पूर्ण आखडतो. २०१० मध्ये याच योजनेच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी १३ दाव्यांचा अभ्यास करून या इजेला नाव दिलं. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिला सिर्वा म्हणतात. डॉक्टरांना, वकिलांना हाच शब्द सांगा.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की दोष लसीतल्या औषधाचा नसतो, टोचण्याच्या जागेचा असतो. खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली आणि काखेच्या रेषेच्या वर, एवढ्याच पट्ट्यात सुई जायला हवी. माझ्या वेळी टोचणारा माणूस उभा होता, मी बसलेले, आणि कुडत्याची बाही वर सरकत नव्हती म्हणून मी गळ्याकडून कापड खाली ओढून खांद्याचा वरचाच भाग उघडा केला. जेवढा भाग दिसला तिथे सुई गेली. पुढच्या वेळी बाही पूर्ण वर जाईल असा कपडा घालून जा आणि टोचणाऱ्याला शेजारी बसायला सांगा.

पहिली पायरी: आजच्या आज लिहून ठेवा

दुखणं आठवडाभरात कमी होत नसेल तर एक वही करा. लस कुठे, कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता, कोणत्या हातात. दुखणं कधी सुरू झालं: त्याच संध्याकाळी, रात्री, दुसऱ्या दिवशी. काय करता येत नाही: वेणी घालणं, कारचा पट्टा ओढणं, पोळ्या लाटणं, मुलाला उचलणं. रोज लिहायची गरज नाही, आठवड्यातून एकदा दोन ओळी पुरतात.

मग फार्मसीतून किंवा दवाखान्यातून लसीची नोंद मागवा. कायद्याने त्यांना लसीची तारीख, उत्पादक, लॉट क्रमांक आणि टोचणाऱ्याचं नाव-हुद्दा नोंदवून ठेवावं लागतं. तुम्ही सही केलेला संमतीचा अर्जही मागा, फक्त पावतीवर समाधान मानू नका.

नोंद हातात आली की हात नीट तपासा. माझ्या अर्जावर लस डाव्या हातात दिल्याचं छापलं होतं. संगणकावर आधीच निवडलेला पर्याय तसाच राहिला होता, असं माझ्या वकिलांचं म्हणणं पडलं. हे इतक्या दाव्यांत घडतं की हे दावे ऐकणाऱ्या न्यायालयालाही त्याची सवय आहे, पण उलट पुरावा द्यावाच लागतो. माझा पुरावा होता दोन दिवसांनंतरचा वाढदिवसाचा फोटो, त्यात उजव्या दंडावर गोल पट्टी स्पष्ट दिसते. दुसरा होता ठाण्याच्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेला निरोप: "उजवा हात काही वर जात नाहीये गं, लस घेतल्यापासून." वर तारीख आणि वेळ. त्या मराठी ओळीचं इंग्रजी भाषांतर करून, भाषांतर बरोबर असल्याचं सहीनिशी लिहून जोडलं. अख्ख्या फाइलमध्ये सगळ्यात कामाला आली ती ही एक ओळ. तेव्हा फोन बदलण्यापूर्वी जुने निरोप जपून ठेवा.

दुसरी पायरी: डॉक्टरकडे जा, आणि नीट सांगा

इथेच आपली माणसं सगळ्यात जास्त चुकतात. आपण दुखणं अंगावर काढतो. हळदीचा लेप, तीळतेलाचं मालिश, शेक, ओवा, आणि मग "डिसेंबरमध्ये पुण्याला जातोच आहोत, तिथेच दाखवू." बरं वाटावं म्हणून शेक घ्या, जरूर घ्या. पण त्याची कुठे नोंद होत नाही, आणि या योजनेत वैद्यकीय नोंद हाच पाया आहे. केवळ अर्जदाराच्या शब्दावर, वैद्यकीय कागद किंवा डॉक्टरचं मत नसताना, भरपाई देता येत नाही असं कायद्यातच लिहिलं आहे.

मधल्या काळात रक्तदाबासाठी किंवा दातासाठी कुणाकडे गेलात आणि खांद्याबद्दल बोलला नाहीत, तर त्या कागदावर "इतर तक्रार नाही" असं छापून येतं. वर्षभराने सरकारी वकील नेमका तोच कागद पुढे करतात. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी खांदा दुखतोय हे सांगा.

कसं सांगायचं? स्पष्ट: "अमुक तारखेला या हातात फ्लूची लस घेतली, त्याच रात्रीपासून दुखतंय, हात वर जात नाही." "बरेच दिवस झाले" असं मोघम सांगू नका. अंदाजही बांधू नका. आपल्याला उगीच कारण शोधायची सवय असते: बर्फ उपसताना भरला असेल, बॅग उचलताना लचकला असेल. तुम्ही सहज बोलता आणि डॉक्टर ते लिहून घेतात. मग तो बर्फ तुमच्या फाइलमधून कधीच वितळत नाही. खरोखर तसं काही घडलं असेल तर अर्थातच सांगा, खोटं बोलायचं नाहीच. जे घडलं नाही त्याची शंका मात्र स्वतःहून पुरवू नका.

कुठलाही कागद घरी आला की वाचा. तारीख किंवा हात चुकला असेल तर लगेच पोर्टलवरून दुरुस्तीचा निरोप पाठवा.

उपचारांचा क्रम साधारण ठरलेला असतो: सूज उतरवणाऱ्या गोळ्या, फिजिओथेरपी, सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, एमआरआय, आणि यातल्या कशानेच सुटलं नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. फिजिओथेरपी घ्याच. खांद्यासाठी तर घ्याच, आणि तिथे दर थोड्या दिवसांनी कोनमापकाने हात किती अंश उचलला जातो ते मोजून लिहितात म्हणूनही घ्या. निरोगी हात बाजूने साधारण १८० अंशांपर्यंत जातो, माझा पहिल्या दिवशी ८५ला थांबला. कितीही वर्णन केलं तरी तो ८५चा आकडा अधिक ठामपणे बोलतो. डॉक्टरने दिलेले व्यायाम घरीच करत असाल तर तेही डॉक्टरकडे नोंदवून घ्या. महिनेच्या महिने फाइल कोरी राहिली की दुखणं संपलं असं समजलं जातं.

भारतात जाऊन उपचार घेतलेत तरी चालतं. फक्त तिथल्या फिजिओथेरपिस्टकडून तारीखवार लिहून घ्या आणि पावत्या ठेवा. चिठ्ठीवर "१० सिटिंग, पेड" एवढंच लिहून आणू नका.

तिसरी पायरी: कोणती लस, कोणतं दार

सगळ्या लसी एका योजनेत बसत नाहीत, आणि प्रत्येक दाराची मुदत वेगळी आहे.

फ्लू, धनुर्वात-घटसर-डांग्या खोकला, हेपॅटायटिस ए, हेपॅटायटिस बी, एचपीव्ही, मेनिंजायटिस, न्यूमोनियाची कॉन्जुगेट प्रकारची लस: या व्हीआयसीपीत येतात. पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. निदान झाल्याच्या तारखेपासून मोजू नका. सिर्वात लक्षण बहुधा लगेच दिसतं, म्हणून लसीची तारीख धरूनच चाला.

कोविडची लस यात नाही. तिच्यासाठी साथीच्या काळातल्या उपाययोजनांची वेगळी योजना आहे, सीआयसीपी. तिथे लस घेतल्या दिवसापासून फक्त एक वर्ष मिळतं. न्यायालय नाही, वेदनांची भरपाई नाही, वकिलाची फी नाही. विम्याने न दिलेला वैद्यकीय खर्च आणि बुडालेला पगार एवढंच, तेही गंभीर इजा ठरली तर. मला हा फरक अन्यायाचा वाटतो. सुई तीच, खांदा तोच. पण आज नियम असा आहे. फ्लू आणि कोविडची लस एकाच दिवशी घेतली असेल तर कोणती कोणत्या हातात गेली हे आजच लिहून ठेवा, सगळा दावा त्यावर ठरू शकतो.

नागिणीची लस, जी पन्नाशीनंतर आपल्यातले अनेक जण घेतात, तीही व्हीआयसीपीत नाही. भारतप्रवासाआधी घेतात त्या टायफॉइड आणि रेबीजच्या लसीही नाहीत. अशा वेळी उरतो तो राज्याच्या कायद्याखालचा निष्काळजीपणाचा दावा. तिथे चूक सिद्ध करावी लागते आणि मुदती आखूड असतात. न्यू जर्सीत दोन वर्षं. कॅलिफोर्नियात इजा कळल्यापासून एक वर्ष किंवा इजेपासून तीन वर्षं, यातली जी आधी संपेल ती. प्रवासाआधी हेपॅटायटिस ए आणि टायफॉइड एकाच दंडात घेतलेल्या एका मैत्रिणीचं प्रकरण, इजा नेमकी कोणत्या लसीची, याच मुद्द्यावर अडखळलं.

उलट, योजनेत येणाऱ्या लसीसाठी थेट फार्मसीवर किंवा कंपनीवर हजार डॉलरहून मोठा दावा लावता येत नाही, आधी या योजनेतूनच जावं लागतं. फार्मसीशी पत्रव्यवहार करत बसण्यात मी दीड महिना घालवला. हाती काही आलं नाही.

आणखी एक गोंधळ. लसीच्या दुष्परिणामांची नोंद करायची जी सरकारी यंत्रणा आहे, व्हेअर्स, तिथे तक्रार नोंदवली की दावा झाला असं काहींना वाटतं. ती नोंद सुरक्षिततेच्या अभ्यासासाठी असते. जरूर करा, पण तिने मुदत थांबत नाही आणि एक सेंटही मिळत नाही.

चौथी पायरी: अटी तपासा

व्हीआयसीपीत इजांचा एक तक्ता आहे. त्यात सिर्वा २०१७ च्या मार्चपासून आली. ती काढून टाकायचा नियम २०२१ च्या जानेवारीत आला होता, पण अंमल होण्याआधी त्याच एप्रिलमध्ये रद्द झाला. तक्त्यात इजा असण्याचा फायदा मोठा आहे: अटी पुऱ्या केल्या की लसीमुळेच झालं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. अटी अशा:

दुखणं लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेलं असावं. त्याच खांद्याला आधी असा त्रास नसावा, ज्याने आताचं दुखणं समजावता येईल. दुखणं आणि हालचालीतली घट त्या खांद्यापुरतीच असावी. आणि दुसरा कुठला आजार, म्हणजे मानेतली दबलेली नस किंवा नसांचा विकार, त्याचं कारण नसावा.

याशिवाय त्रास लसीनंतर सहा महिन्यांहून जास्त टिकलेला असावा. रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झाली असेल तर ही सहा महिन्यांची अट लागत नाही, पण खांद्याची शस्त्रक्रिया बहुधा सकाळी जाऊन संध्याकाळी घरी अशी असते, त्यामुळे त्यावर विसंबू नका. सहाव्या-सातव्या महिन्यात एकदा तरी डॉक्टरकडे जाऊन "अजून दुखतंय, अजून एवढाच हात वर जातो" हे नोंदवून घ्या. चौथ्या महिन्यात फिजिओथेरपी थांबवून नंतर काहीच कागद नसलेले दावे याच अटीवर पडतात.

मधुमेह किंवा थायरॉइड असणाऱ्यांनी तयारीत राहावं. या आजारांत खांदा आपोआपही आखडतो, आणि आपल्यात मधुमेह घरोघरी आहे, तेव्हा समोरचा पक्ष तो मुद्दा काढणारच. तुमच्या बाजूने उभी राहते ती सुरुवातीची तारीख: लसीच्या आदल्या दिवशीपर्यंत हात नीट वर जात होता आणि दुसऱ्या दिवशी जात नव्हता. बोटांना मुंग्या येत असतील तर तेही डॉक्टरला सांगा आणि नसांची तपासणी करून घ्या. ती सामान्य निघाली तर उलट मदतच होते.

उशिरा डॉक्टरकडे गेलात म्हणून हातपाय गाळू नका. सुरुवात नोंदीत आली नाही किंवा चुकीची आली, तरी एकूण पुराव्यावरून ती वेळेत झाली असं ठरवायची मुभा कायद्याने न्यायाधिकाऱ्यांना दिली आहे. माझे सात आठवडे त्याच कलमावर तरले. तक्त्याच्या अटीत थोडक्यासाठी बसत नसाल, तर लसीनेच इजा झाली हे तज्ज्ञ डॉक्टरच्या मताने सिद्ध करायचा दुसरा, लांबचा रस्ताही आहे.

पाचवी पायरी: वकील

इथे मी ठाम आहे: वकील घ्या. आणि पैशांच्या भीतीने टाळू नका. वकिलाची वाजवी फी आणि खर्च योजना वेगळे देते. दावा प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असेल तर हरलात तरी देऊ शकते. तुमच्या भरपाईतून टक्केवारी कापून घ्यायला वकिलाला कायद्याने बंदी आहे. "मिळेल त्यातला तिसरा हिस्सा माझा" असं कुणी व्हीआयसीपीच्या दाव्यासाठी म्हणाला, तर त्याला हा कायदा माहीत नाही, दुसरा शोधा. राज्याच्या न्यायालयातल्या दाव्यांत मात्र टक्केवारीची पद्धत रूढ आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

लस-इजेचं काम करणारे वकील देशभर मोजकेच आहेत. वॉशिंग्टनमधलं न्यायालय त्यांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. तुमच्याच राज्यातला वकील हवा असं नाही, माझी वकील मला एकदाही प्रत्यक्ष भेटली नाही. पहिल्या फोनवर विचारा: सिर्वाचे किती दावे चालवले? फाइल रोज कोण बघणार? माझे वैद्यकीय कागद तुम्ही मागवणार की मी? मुदत संपायला महिना उरलेला असताना गेलात तर बरेच जण नाही म्हणतात. निदान आठ-दहा महिने हातात असताना जा.

सहावी पायरी: फाइल

वकिलाला लागतं ते असं: लसीची नोंद, लसीनंतरचे सगळे वैद्यकीय कागद, आणि लसीआधीच्या साधारण तीन वर्षांचे कागद. आधीचे कशाला, असं वाटतं. खांदा आधी ठीक होता हे तेच दाखवतात. जुना त्रास असेल, दहा वर्षांपूर्वी त्याच खांद्याला मार बसला असेल, तर पहिल्याच दिवशी वकिलाला सांगा. तो कागद सापडतोच.

तुमचं स्वतःचं निवेदन सगळ्यात महत्त्वाचं. वकील मसुदा करतात, पण त्यात तुमचं आयुष्य दिसायला हवं. "दैनंदिन कामात अडचण" असं मोघम लिहून काही होत नाही. मी लिहिलं की गौरीचा मुखवटा मांडायला हात उचलला नाही म्हणून जावेने मांडला, आणि मुलीची शाळेची वेणी नवरा यूट्यूब बघून घालायला शिकला. त्याने, बहिणीने आणि ऑफिसातल्या मैत्रिणीने आपापली निवेदनं दिली. अशा निवेदनाला नोटरीच लागते असं नाही. खोटं असल्यास शिक्षेला पात्र आहोत, हे कायद्यातल्या ठरलेल्या वाक्यात लिहून तारीख-सही केली तरी चालतं. परत गेलेली आजी नाशिकहूनही सही करून पाठवू शकते, फक्त देशाबाहेरून सही करताना ते वाक्य थोडं वेगळं असतं, वकिलाकडून तयार करून घ्या.

पैशांचे कागदही याच वेळी लावा: भरलेले को-पे, औषधं, फिजिओथेरपीच्या पावत्या, बिनपगारी रजेबद्दल कंपनीचं पत्र, पगाराचे कर-कागद.

सातवी पायरी: दाखल केल्यानंतर

अर्ज जातो वॉशिंग्टन डी.सी.मधल्या फेडरल दाव्यांच्या न्यायालयात. शुल्क ४०० डॉलरच्या आसपास आहे, परवडत नसेल तर माफीसाठी अर्ज करता येतो. प्रतिवादी असतात आरोग्य खात्याचे मंत्री, त्यांच्या वतीने न्याय खात्याचे वकील. फार्मसी किंवा टोचणारी नर्स यात पक्षकारच नसते. कुणाची नोकरी माझ्यामुळे जाईल का, या काळजीने मी कित्येक रात्री घालवल्या होत्या.

निर्णय स्पेशल मास्टर नावाचे न्यायाधिकारी देतात, ज्युरी नसते. आधी कागद पुरे आहेत का ते बघतात आणि सिर्वाचे बरेचसे दावे वेगळ्या जलद विभागात टाकतात. मग आरोग्य खात्याचे डॉक्टर फाइल वाचतात आणि सरकार आपला अहवाल देतं: इजा मान्य, किंवा अमुक कारणाने अमान्य. इथे महिनोन्‌महिने काहीच हलत नाही. एकूण दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, मनात धरून चाला. या काळात उपचार सुरू असतील तर नवे कागद वकिलाला पाठवत राहा, एवढंच आपल्या हातात असतं.

मान्य झालं तर सरकार रकमेचा प्रस्ताव देतं. अमान्य असलं तरी तडजोड होऊ शकते. या योजनेतल्या सुमारे ६० टक्के भरपाया अशा वाटाघाटींतूनच येतात, ज्यात सरकार लसीने इजा झाल्याचं कबूल करत नाही. तेही नाही जमलं तर स्पेशल मास्टर कागदांवरून किंवा व्हिडिओ सुनावणी घेऊन ठरवतात.

आठवी पायरी: रक्कम

मिळतं ते तीन प्रकारचं: वेदना आणि मनस्तापासाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर, विम्याने न भरलेला झालेला आणि पुढे होणारा वाजवी वैद्यकीय खर्च, आणि बुडालेला पगार. सिर्वाच्या दाव्यांत पहिला भागच मोठा असतो. कमाल आकडा क्वचितच मिळतो. शस्त्रक्रिया न झालेल्या दाव्यांत वेदनेची रक्कम बहुतेक वेळा दहा हजार डॉलरांच्या काही पटींत असते, शस्त्रक्रिया झाली असेल तर अनेकदा लाखाच्या वर जाते. बघतात ते असं: किती दिवस दुखलं, किती तीव्र, किती अंश हालचाल गेली, किती इंजेक्शनं, डॉक्टरकडे किती लवकर गेलात. माझे सात आठवडे इथे पुन्हा आडवे आले. "एवढं दुखत होतं तर थांबलात कशाला?" हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याने रक्कम कमी झाली.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर घरी असणाऱ्या बायका मला विचारतात, आमचा पगारच नाही, मग कसला दावा? पगाराचा भाग नसेल, वेदनेचा आहेच. तुमच्या खांद्याची वेदना पगारदाराच्या खांद्यापेक्षा स्वस्त नाही, आणि कायद्यात तसा फरकही नाही.

शेवटचे कागद

निवाडा झाला की तो स्वीकारायचा की नाकारून दिवाणी न्यायालयात जायचं, हे लेखी कळवायला ९० दिवस मिळतात. तडजोडीत मान्यतेची सही आधीच झालेली असते. वकिलाच्या फीचा अर्ज नंतर वेगळा चालतो, त्याची वाट बघत तुमची रक्कम अडत नाही.

आणि निर्णय न्यायालयाच्या संकेतस्थळावर नावासकट प्रसिद्ध होतो, त्यात वैद्यकीय तपशील असतात. सासरची मंडळी, ऑफिस, कुणीही नाव टाकून शोधू शकतं. नको असेल तर निर्णयानंतर १४ दिवसांच्या आत वैद्यकीय तपशील झाकण्याची किंवा नावाऐवजी आद्याक्षरं घालण्याची विनंती करता येते. ती मान्य होतेच असं नाही. वकिलाला हे आधीच सांगून ठेवा, कारण ते १४ दिवस निकालाच्या आनंदात कसे जातात ते कळत नाही.